चर्चचा खर्च दर महिन्याला, गावाची कमाई हंगामाला!

समजा, गडचिरोलीच्या एखाद्या गावात वीस कुटुंबांनी ठरवलं, आपलं छोटं चर्च सुरू करू. सुरुवातीला पैसा लागतोच कुठे? कुणाच्या ओसरीत सतरंजी टाकली, बायबल उघडलं, ढोलक आली की झाली उपासना. खरी परीक्षा वर्षभरानंतर असते. पाळकाचं घर कसं चालणार? त्यांच्या मुलांची फी, गावोगाव फिरायला पेट्रोल, पावसात गळणारे पत्रे, लाइटबिल?

घरटी महिन्याला शंभर रुपये धरले तरी वीस घरांचे होतात दोन हजार. एवढ्यात एक कुटुंब जगेल? शिवाय हे शंभरही दर महिन्याला येत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हातात पैसा येतो तो हंगामानुसार. मार्च-एप्रिलला मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान आणि त्याचे चुकारे. ऑगस्टमध्ये रोवणी आटोपलेली आणि खिसा रिकामा! खर्चाला मात्र हंगाम नसतो.

यावर 'बाहेरून पैसा येतो ना' हे उत्तर आपण कट्ट्यावर सहज देऊन टाकतो. इतिहासात ते काही अंशी खरंही आहे. चांद्यातलं जुनं मिशन स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं. 1962 मध्ये चांदा भागाची जबाबदारी केरळच्या सिरो-मलबार चर्चच्या सीएमआय धर्मगुरूंकडे आली. त्याचं केंद्र बल्लारपूर. अशा कामांमागे मोठी संस्था उभी असते. गावातल्या नव्या, स्वतंत्र चर्चमागे कोण असतं?

आणि कायदाही कडक आहे. परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घ्यावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या ट्रस्टने पैसा घेऊन छोट्या चर्चला वाटायचा, हा रस्ताच बंद. ट्रस्ट करायचा तर धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब. जागेचं तर विचारूच नका. आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. जंगलाच्या कुशीत राहायचं, पण चार खोल्यांपुरती जागा मिळणं कठीण!

बाहेरच्या पैशाचा दुसरा प्रश्न जुनाच आहे : पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. कवी नारायण वामन टिळकांना हेच खुपलं. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. मिशनच्या पगाराविना, मराठी मातीतला भक्तांचा मेळा उभा करायचा होता. पण 9 मे 1919 ला टिळक गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. एका माणसाच्या जिद्दीवर काम सुरू होतं; ते चालू राहायला सगळ्यांचा हात लागतो.

तो हात कसा लागतो, हे मिझोराममध्ये दिसतं. तिथे शंभरेक वर्षांपासून घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. तो गोळा करून विकतात आणि त्यातून चर्चचं काम चालतं. रोख नसली तरी मूठ असतेच! आपल्याकडेही अनेक मराठी मंडळ्यांमध्ये सुगीच्या सणाला धान्य, भाजी, कोंबडी अर्पण करतात, उपासनेनंतर लिलाव होतो. धानाच्या पट्ट्यात हाच हिशेब जास्त जुळतो. सुगीत जमलेलं धान्य आणि पैसा बारा महिन्यांत वाटून ठेवला, तर ऑगस्टमध्ये पाळकाला उधारी मागावी लागणार नाही.

इथेच कॉलेजात शिकणाऱ्यांचं काम सुरू होतं. गावातल्या मंडळीत एक वही घाला. किती आलं, किती गेलं, ते दर रविवारी दाराला लावा. हिशेब उघडा असला की देणाऱ्याचा विश्वास वाढतो आणि संशय घेणाऱ्याची बोलतीही बंद होते.

आणि तुम्ही चर्चला जात नसाल, तर एवढंच करा. पुढच्या वेळी कट्ट्यावर 'त्यांना काय, पैसाच पैसा' असं कानावर आलं, की शांतपणे विचारा : मे महिन्यात किती, आणि ऑगस्टमध्ये किती?