नव्वद सेकंद

मे महिन्यातली पुण्यातली दुपार. रिक्षातून उतरून हॉस्पिटलच्या दारापर्यंत येईतो वहिनीचा डावा पाय जड झालाय. न्यूरोसायकॉलॉजिस्ट मॅडम लगेच चाचणी सुरू करत नाहीत. एसीखाली बसवतात, पाणी देतात. वहिनीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. एमएसमध्ये अंग तापलं की मज्जातंतूंतले संदेश तात्पुरते रखडतात. श्रमानंतर रुग्णांची नजर मंदावते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच टिपलं होतं. "उन्हातून आलेल्या माणसाचे मार्क मी धरत नाही," मॅडम म्हणतात.

वहिनी बँकेत आहे. मध्यंतरी काउंटरवर रोजच्या ग्राहकाचं नाव तिला आठवेना. तेव्हापासून ती प्रत्येक चुकीचा हिशेब ठेवते. उतू गेलेलं दूध, विसरलेला पासवर्ड, बोलता बोलता निसटलेला शब्द. "सगळ्यांचंच होतं गं असं," हे ऐकलं की ती गप्प होते. रास्तच आहे. एमएस असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या विचारशक्तीवर थोडाफार परिणाम होतो; ते तिने वाचलेलं आहे.

आधी दोन फॉर्म. पंधरा प्रश्न, दोन्हींत तेच. एक तिने भरायचा, एक दादाने. ती भराभर 'वारंवार'च्या रकान्यांत खुणा करत सुटते. दादा प्रत्येक प्रश्नावर थबकतो.

"अहो, खरं लिहा हं."

"खरंच लिहितोय."

मग चिन्हांचा कागद. वरच्या ओळीत नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली एक आकडा. खाली नुसती चिन्हंच चिन्हं. जुळणारा आकडा तोंडाने सांगायचा. वेळ ९० सेकंद. दादाला बाहेर पाठवलंय, मी कोपऱ्यात. वहिनी सुरुवातीला अडखळते, "चुकलं वाटतं" म्हणते, मागे वळून बघते. मॅडम नुसतं बोट पुढे सरकवतात. मग लय सापडते. त्यानंतर मराठी शब्दांची यादी, पंधरा शब्द, पाच वेळा वाचलेली. दर फेरीला तिचा आकडा चढतो. दुसरं काही काम करून घेतल्यावर, अर्ध्या तासाने, मॅडम तेच शब्द पुन्हा विचारतात. वहिनी डोळे मिटते आणि बारा सांगते.

दादाला आत बोलावतात.

"वेग तुमच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या मानाने थोडा कमी आलाय," मॅडम सरळच सांगतात. "तो एमएसमुळे असू शकतो. पण ऐकलेलं डोक्यात शिरतंय आणि टिकतंय. स्मरणशक्ती चांगली आहे."

वहिनी दोन फॉर्मकडे बोट दाखवते. तिच्यात 'वारंवार'ची दाटी, दादाच्यात बहुतेक 'क्वचित'.

"म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"नाही ताई. तुम्हाला जाणवतं ते खरंच आहे. पण स्वतः भरलेला फॉर्म पुष्कळदा चाचणीपेक्षा मनःस्थितीशी जास्त जुळतो. घरच्यांचा चाचणीच्या जवळ जातो. झोप कशी आहे?"

"तीनला जाग येते. मग नाहीच."

"आणि त्या दिवशी नाव आठवेना, तेव्हा मनात काय आलं?"

"झालं, आता डोकंही गेलं."

"मग नावाला यायला जागा कुठे उरली?"

वहिनी हसते. आज पहिल्यांदाच. मला या मॅडम आवडतात, कारण त्यांनी काहीच गोड करून सांगितलेलं नाही. कमी काय ते आकड्यात दाखवलं, म्हणून शाबूत काय तेही पटतंय.

पुढचं बोलणं अगदी व्यवहाराचं. किचकट कामं सकाळी, एका वेळी एकच खातं, ग्राहकाला "एक मिनिट हं" म्हणायला लाजायचं नाही. थकव्याबद्दल आणि झोपेबद्दल न्यूरोलॉजिस्टशी बोलायचं. वर्षाने हीच चाचणी पुन्हा, म्हणजे ताडून बघता येईल. आणि काळजीसाठी समुपदेशनाची काही सत्रं. दादा म्हणतो, "त्याची खरंच गरज आहे का?"

"आहे," वहिनीच उत्तर देते आणि पर्समधून डायरी काढते. "मॅडम, दुसरा शनिवार द्या. बँकेला सुट्टी असते."