इम्पॅक्ट फॅक्टर बघून मेडिकल जर्नल निवडताय? आधी हे वाचा

समजा, तुम्ही यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीजी करताय आणि थिसिसचा विषय आहे फवारणीतून होणारी विषबाधा. जिल्ह्याला हा विषय नवा नाही. 2017च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना इथले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. आता तुमचा पेपर लिहून तयार आहे. पाठवायचा कुठं? मला अशा वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सर, इम्पॅक्ट फॅक्टर किती पाहिजे?"

आधी हा आकडा निघतो कसा ते बघू. एखाद्या जर्नलनं 2022 आणि 2023 मध्ये मिळून 200 लेख छापले. 2024 मध्ये इतर संशोधकांनी त्या लेखांचा 300 वेळा संदर्भ दिला. 300 भागिले 200, म्हणजे 2024चा इम्पॅक्ट फॅक्टर 1.5. बस्स, एवढंच. युजीन गारफिल्ड यांनी 1960च्या दशकात हे माप आणलं ते आपल्या सूचीत कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवायला. कुणाच्या पेपरची लायकी मोजायला नव्हे!

शिवाय ही सरासरी आहे. तालुक्याचा एकरी उतारा चांगला आला म्हणून तुमच्या वावरात तेवढाच कापूस निघेल असं थोडंच आहे? जर्नलचंही तसंच. चार-दोन गाजलेले लेख बहुतेक संदर्भ खेचतात, बाकीच्यांच्या वाट्याला फार थोडे येतात.

दुसरी गोष्ट, विषय बदलला की आकडा बदलतो. कर्करोगावर जगभर ढीगभर लिहिलं जातं, त्यामुळे तिथले आकडे फुगलेले असतात. विषबाधेच्या जर्नलची तुलना त्यांच्याशी करूच नका. त्यासाठी सायमॅगोची साइट फुकट आहे. तिथं विषयानुसार जर्नल्सचे क्यू-1 ते क्यू-4 असे चार गट केलेले दिसतात. स्कोपसचा साइटस्कोरही फुकट बघता येतो, पण तो चार वर्षांच्या हिशोबावर निघतो. म्हणून 3.2 साइटस्कोर आणि 2.1 इम्पॅक्ट फॅक्टर शेजारी ठेवून "हे मोठं" म्हणण्यात अर्थ नाही.

माझ्या मते आकड्याआधी एक प्रश्न विचारावा : हा पेपर सापडणार कुणाला? उद्या वणीत, पांढरकवड्यात नाहीतर पलीकडे तेलंगणातल्या आदिलाबादेत रात्री दोन वाजता असाच पेशंट आला, तर तिथला डॉक्टर पबमेडवर शोधेल. तिथं तुमचा पेपर निघाला नाही, तर इम्पॅक्ट फॅक्टर काय चाटायचा?

जर्नलच्या साइटवर 'पबमेड'चा लोगो दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. एनएलएम कॅटलॉग उघडा, जर्नलचं नाव टाका आणि ते सध्या मेडलाइनमध्ये आहे का ते स्वतः बघा. दोन मिनिटांचं काम. मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकांसाठीचे एनएमसीचे 2022चे निकषसुद्धा जर्नल कोणत्या सूचीत आहे हेच विचारत होते.

आणि ते मेल! "आदरणीय डॉक्टर, इम्पॅक्ट फॅक्टर 7.284, सात दिवसांत स्वीकृती." खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी देते, आणि 2023 पासून ती एकाच दशांशापर्यंत आकडा छापते. आजच्या मेलमध्ये तीन दशांश दिसले की समजा, आकडा एक तर जुना आहे नाहीतर घरगुती. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीला अशाच फसव्या दाव्यांबद्दल 2019 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयानं 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली होती.

मग यादी बनवायची कशी? तुमच्याच पेपरची संदर्भसूची काढा. त्यात पुन्हा पुन्हा येणारी दोन-तीन जर्नल्स निवडा, कारण तुमचा वाचक तिथंच आहे. ती मेडलाइनमध्ये आहेत का आणि आपल्या विषयात कोणत्या गटात बसतात, ते तपासा. ओपन ॲक्सेस असेल तर डीओएजेच्या नोंदीत फी दिलेली असते. ती स्टायपेंडमधून परवडते का, हे सबमिट करण्याआधीच बघा.