‘मी’ हरवण्याचे भय

आपल्या माळव्याच्या भूमीत दोन गोष्टी फार पूर्वीपासून शेजारी नांदत आल्या आहेत. एक अफूची शेती आणि दुसरी ध्यानाची साधना. इंदूरहून मंदसौर-नीमचकडे जावे, तो हिवाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या फुलांनी भरलेली अफूची शेते दृष्टीस पडतात. दक्षिणेकडे नर्मदातीरी ओंकारेश्वरी जावे, तर आद्य शंकराचार्यांनी जेथे गुरूंपाशी दीक्षा घेतली असे परंपरा सांगते, ती गुहा लागते. अफू खाल्लेला मनुष्य आणि ध्यानस्थ साधक हे दोघेही डोळे मिटून स्वस्थ बसलेले दिसतात. प्रपंचाच्या गलबल्याचा दोघांनाही विसर पडल्यासारखा वाटतो. म्हणूनच पुष्कळ घरांतून एक शंका निघते आणि ती विचारणारांत विद्यार्थी असतात तसे आईबापही असतात : ध्यान हेही एक प्रकारचे व्यसनच नव्हे काय? त्यात माणूस स्वतःला हरवून तर बसत नाही ना? या शंकेचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम ‘व्यसन’ या शब्दाकडेच पाहू. संस्कृतात त्याच्या मुळाशी ‘दूर फेकणे’ हा भाव आहे आणि त्यावरूनच ‘संकट’ हा अर्थ आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर कोसळणाऱ्या व्यसनांविषयीच आहे. तेथे पूर, आग आणि दुष्काळ यांच्या जोडीने द्यूत व मद्यपान यांचाही विचार केला आहे. महाभारतातील द्यूताचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. युधिष्ठिराने प्रथम धन लावले, मग राज्य, मग भाऊ आणि त्यानंतर स्वतःला. स्वतःला हरल्यावरही तो थांबला नाही. द्रौपदी पणाला लागली ती त्यानंतर. तेव्हा द्रौपदीने सभेला विचारले की, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? जो स्वतःचाच उरला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोठला? ज्या घरात एखादा व्यसनी मनुष्य असतो, त्या घरातील पत्नीचा आणि मुलांचा प्रश्न आजही हाच असतो. ते ज्याच्याशी बोलत असतात तो मनुष्य समोर असतो, परंतु त्याच्या वतीने होय किंवा नाही म्हणणारा कोणी आत उरलेला नसतो.

आता आपल्या अफूकडे वळू. १८१८ साली मंदसौर येथे होळकरांचा इंग्रजांशी तह झाला आणि माळव्यावर कंपनीचे वर्चस्व बसले. परंतु येथील अफू काही सहजासहजी कंपनीच्या मुठीत आली नाही. बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून ती मुंबईस जाई. कर चुकवून कराचीमार्गे पोर्तुगिजांच्या दमणलाही जाई आणि तेथून जहाजाने चीनला रवाना होई. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची वाट बंद झाली. मग इंदूरसारख्या ठिकाणी सरकारी काट्यावर अफूच्या पेट्या तोलून, कर भरून, परवाना घेऊन त्या मुंबईला पाठवाव्या लागत. एका पेटीत सुमारे ६३ किलो अफू मावे. या व्यापारातून माळव्यातील सावकारपेढ्या भरभराटीस आल्या आणि तिकडे चीनमध्ये असंख्य संसार धुळीस मिळाले. १९०७ च्या कराराने ही निर्यात क्रमाक्रमाने कमी करण्याचे ठरले आणि १९१३ मध्ये ती थांबली. आज अफूची लागवड केवळ सरकारी परवान्यानेच करता येते. बोंडाला चिरा देऊन निघालेला चीक शेतकरी सरकारच्या हवाली करतो आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यावर पुढील प्रक्रिया होते. त्याच चिकातील मॉर्फिन कर्करोगाच्या रुग्णाच्या असह्य वेदना शमविते. एकाच बोंडातून औषधही निघते आणि बेडीही निघते. तेव्हा फरक कोठे पडतो, हे पाहण्यासाठी माणसाच्या मेंदूतच डोकावले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधशास्त्रज्ञाने अफूपासून मॉर्फिन वेगळे केले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिले. परंतु एका झाडाच्या चिकाने माणसाचे दुःख का शमावे, याचा उलगडा होण्यास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९७३ साली असे आढळले की मेंदूतील पेशींवर अफूचे द्रव्य नेमके बसावे अशा जागा असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते तेथे बसते. १९७५ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथील शास्त्रज्ञांनी त्याचे कारणही दाखवून दिले. वेदना आवरण्यासाठी आपला मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो आणि ती कुलपे मूळची त्यांच्यासाठी असतात. बाहेरून अफू, गर्द किंवा तत्सम पदार्थ वारंवार येऊ लागला म्हणजे मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. पूर्वीची मात्रा पुरेनाशी होते. ती वाढवावी लागते आणि एखादे दिवशी ती मिळाली नाही तर जांभया, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, अंगावर काटा आणि अखंड जागरण असा भोग सुरू होतो.

हे भोग केवळ शरीराचे असते तर निम्मे काम सोपे झाले असते. परंतु त्या घटकेला मनात एक विलक्षण भीती उठते : हे सोडले तर मी मी राहणार नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात तो पहिला पेला चैनीखातर घेत नाही; झालेला अपमान विसरण्यासाठी घेतो. दुखावलेल्या ‘मी’ला सावरण्याकरिता जो पेला हाती घेतला, तोच पुढे त्या ‘मी’ला गिळून टाकतो, संसाराची राख होते आणि सिंधूसारख्या साध्वीचा बळी जातो. पुष्कळ व्यसनांची कथा अशीच आहे. जे आधारासाठी धरले तेच मालक होऊन बसते, आणि मालक सोडून गेला तर आपले काय होईल या भयाने गुलामच त्याला धरून ठेवतो.

ध्यानास बसणाराची भीती वरवर अशीच दिसते. डोळे मिटून काही काळ श्वासाकडे लक्ष देत बसले की विचारांची वर्दळ हळूहळू मंदावते आणि एखादे वेळी मनात दचकल्यासारखे होते : सारे विचार थांबले तर मी उरणार काय? ही भीती नवी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात, जेथे ध्यानाचे सविस्तर विवेचन आहे तेथेच, अर्जुनाने ती बोलून दाखविली आहे. योगाची वाट धरून मध्येच ढळलेला मनुष्य फाटलेल्या ढगाप्रमाणे इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा नाश पावत नाही ना, असे तो विचारतो. श्रीकृष्णाचे उत्तर धीराचे आहे : चांगल्या वाटेने जाणाराची दुर्गती होत नाही. तसेच फार खाणाराला वा मुळीच न खाणाराला, फार झोपणाराला वा सदा जागणाराला हा योग साधत नाही, असेही तेथे बजावले आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली हाच अध्याय मराठीत विस्ताराने उलगडून सांगितला. त्यामुळे ही वाट आपल्या भाषेला सातशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

मग ध्यानात हरवते ते काय? आम्हास असे वाटते की ‘मी’ या एका शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी भरतो. पहिला ‘मी’ हा सतत स्वतःची कहाणी सांगणारा असतो. अमक्याने माझा अपमान केला, परीक्षेत मला कमी गुण मिळाले, उद्या लोक काय म्हणतील, अशी त्याची बडबड अखंड चालू असते. दुसरा ‘मी’ निवड करणारा. तो समोर आलेली गोष्ट पाहतो आणि होय किंवा नाही असे ठरवितो. मनुष्य काही विशेष काम करीत नसताना मेंदूचे काही भाग एकत्रितपणे कार्यरत असतात, असे २००१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ मार्कस रेकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. स्वतःविषयीच्या विचारांशी या भागांचा निकट संबंध आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांमध्ये ध्यानाच्या वेळी यांतील मुख्य भागांची हालचाल मंदावते. म्हणजे ध्यानात मंदावतो तो कहाणी सांगणारा ‘मी’. निवड करणारा जागाच असतो. किंबहुना भटकलेले लक्ष पुन्हा पुन्हा श्वासावर आणताना त्या निवड करणाऱ्यालाच व्यायाम घडतो. व्यसनात घडते ते याच्या उलट. कहाणी मात्र मोठमोठ्याने चालू राहते आणि निवड करणारा दुबळा होतो.

याचा प्रत्यक्ष उपयोग व्यसनमुक्तीच्या कामात झालेला आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते ‘मुक्तांगण’ या केंद्राचे उद्घाटन झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट हे या कार्यामागे उभे होते. तेथील दिनक्रमात औषधोपचार, समुपदेशन आणि गटातील मोकळ्या गप्पा यांबरोबर योग आणि ध्यान यांनाही स्थान आहे. अमेरिकेत अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनी माणसांना एक साधी युक्ती शिकविली. तलफ आली म्हणजे तिच्याशी झुंजू नये आणि तिच्या अधीनही होऊ नये. समुद्राची लाट चढते आणि ओसरते, तशी ती चढताना व ओसरताना पाहत राहावे. तलफ कायम टिकत नाही, हे ज्याने एकदा स्वतः अनुभवले, त्याच्या मनातील ‘हे मिळाले नाही तर मी संपलो’ ही भीती ढिली पडू लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २८६ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. एक वर्षानंतर, सजग ध्यानावर आधारलेले प्रशिक्षण घेतलेल्यांत व्यसनाकडे वळण्याचे दिवस इतरांपेक्षा कमी आढळले.

तथापि ध्यान म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण मात्रा, असे आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षे भरपूर मद्य पिणाऱ्याने ते एकाएकी सोडले तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. म्हणून तेथे आधी डॉक्टर हवा, ध्यान मागाहून. ध्यानाच्याही काही अडचणी आहेत. २०१७ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी अनुभवी साधकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. आपण कोण ही जाणीवच डळमळली आणि त्याने फार घाबरलो, असे सांगणारे त्यांत होते. विशेषतः दीर्घ शिबिरांत असे घडू शकते. इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’सारख्या ठिकाणी दहा दिवस मौन पाळून जी विपश्यना शिबिरे भरतात, तीही गंभीर मानसिक विकार असलेल्यांसाठी योग्य मानली जात नाहीत. ज्याचे मन आधीच आजारी आहे त्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून अशा साधनेत खोल उतरू नये. आणि संसारातील अप्रिय कर्तव्ये चुकविण्यासाठी जो तासन् तास डोळे मिटून बसतो, त्याने अफूची जागा फक्त आसनाला दिली, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा पारख कशी करावी? विद्यार्थिमित्रांनो, यासाठी आम्ही तीन प्रश्न सुचवितो. ते अफूला लावा, तंबाखूच्या पुडीला लावा, रात्री उशीखाली ठेवलेल्या मोबाइलला लावा आणि ध्यानालाही लावा. पहिला प्रश्न : आज ही गोष्ट नको, असे मी म्हणू शकतो काय? दुसरा : दिवसेंदिवस तिची मात्रा वाढवावी लागते काय? तिसरा : ती आटोपून उठल्यावर मी माझ्या माणसांच्या आणि कामाच्या अधिक जवळ येतो, की अधिक दूर जातो? ज्या ध्यानानंतर आईची हाक लवकर ऐकू येते, रागावलेला शब्द ओठांवरच थांबतो आणि अवघड गणित पुन्हा एकदा करून पाहण्याचा धीर येतो, त्या ध्यानात काही हरवले असेल तर ते ओझेच होय.

ज्यांच्या घरात व्यसनाची आग प्रत्यक्ष लागली आहे, त्यांच्यासाठी शेवटी दोन शब्द. त्या माणसाची निर्भर्त्सना केल्याने त्याचा हरवलेला ‘मी’ परत येत नाही, आणि बदनामीच्या भीतीने गोष्ट झाकून ठेवल्यानेही येत नाही. व्यसन हा उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो. आपल्या मुलाबाळांपैकी कोणी घाबऱ्या मनाने ही गोष्ट घरात बोलून दाखविली, तर वडीलधाऱ्यांनी आधी तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे आणि मग तो क्रमांक फिरवावा, एवढीच आमची विनंती आहे.