दहा वर्षांची मुदत

स्वातंत्र्यानंतरच्या अपेक्षाभंगाबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. भ्रष्टाचार, गरिबी, फाळणी, घराणेशाही हे सगळे त्यात येते. सर्वांत मोठा अपेक्षाभंग मात्र त्यात फारसा दिसत नाही, कारण ज्यांच्या वाट्याला तो आला त्यांना लिहिताच येत नव्हते. मूळ राज्यघटनेच्या ४५व्या कलमात, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे म्हटले होते. मार्गदर्शक तत्त्वांपैकी मुदत घातलेले हे एकमेव तत्त्व. ती मुदत २६ जानेवारी १९६० रोजी संपली. १९६१च्या जनगणनेत देशातली साक्षरता २८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि स्त्रियांची त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक.

ही मुदत काही दिल्लीत कोणाला अचानक सुचलेली नव्हती. तिच्यामागे जवळजवळ सत्तर वर्षांची मागणी होती आणि तिचा मोठा भाग पुण्यात उभा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सांगितले की सरकार शेतकऱ्याच्या करातून पैसा घेते आणि वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते. आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. फर्ग्युसन महाविद्यालयात एके काळी शिकवणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते किती बेताचे होते पाहा. सक्ती सुरुवातीला फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना, तीही जिथली स्थानिक संस्था तयार असेल तिथेच. खर्चाचा एक तृतीयांश वाटा त्या संस्थेने उचलायचा आणि दोन तृतीयांश सरकारने. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. साहजिकच, परके सरकार गेले की ही अडचणही जाईल, असा समज रूढ झाला.

सरकारची वाट न पाहता हे काम हाती घेणारेही पुण्यात होते. आज कर्वेनगर म्हणून ओळखला जाणारा पुण्याचा भाग म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. त्याचे आजचे नाव ज्यांच्यावरून पडले ते धोंडो केशव कर्वे विधवांच्या आश्रमासाठी आणि महिला विद्यापीठासाठी सर्वांना ठाऊक आहेत. पण १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. जिल्हा लोकल बोर्डाची शाळाच नाही अशा खेड्यांत शाळा काढायची, एवढाच त्याचा हेतू. इथे एक आक्षेप रास्त आहे: खुद्द कर्व्यांनीही विद्यापीठ १९१६ साली काढले आणि खेड्यातली शाळा वीस वर्षांनी, मग सरकारने वरून सुरुवात केली तर बिघडले कुठे? बिघडले ते असे, की कर्वे वर्गणीवर चालणारे गृहस्थ होते. जे काम हाती घेता येईल ते त्यांनी घेतले आणि उरलेले दिसल्यावर म्हातारपणी पुन्हा झोळी पसरली. सरकारच्या हाती कर होता, कायदा होता आणि स्वतःच लिहिलेली मुदत होती.

त्या मुदतीचे दात मात्र जन्मतःच काढले गेले. मसुद्यात प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे असे वाक्य होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते काढण्याची सूचना मांडली: हा भाग न्यायालयात दाद मागण्याच्या हक्कांचा नाही, तेव्हा इथे हक्काची भाषा नको. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली. त्याच चर्चेत चौदाऐवजी अकरा वर्षे करा ही सूचना मात्र त्यांनी फेटाळली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवायचे नसेल तर त्याला शाळेत ठेवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. वयाची मर्यादा वाचली, हक्क गेला. मुदत चुकली तर जाब कोणी कोणाला विचारायचा, हे कुठेच लिहिलेले राहिले नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

पैसा नव्हता, हे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत शिक्षणावरच्या खर्चातला सुमारे ५६ टक्के वाटा प्राथमिक शिक्षणाचा होता; दुसरीत तो ३५ वर आला आणि चौथीत ३० वर. मुदत जवळ आली तसा वाटा वाढायला हवा होता, तो घसरला. १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न मिळाले, त्याच वर्षी मुंबईची आयआयटी सुरू झाली. आयआयटी नको होती असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्या बाजूने बोलणारे लोक होते, आणि गावात शाळा नाही म्हणून दिल्लीत आवाज उठवणारे कोणी नव्हते. ज्यांचा आवाज होता त्यांची मुले शाळेतच होती. शिवाय गरिबीची सबब पुढे करताना कोल्हापूर आणि बडोदा विसरून चालणार नाही. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. दोघेही मांडलिक संस्थानिक, तिजोरी एका संस्थानापुरतीच. आपल्यासारखाच वसाहतीतून सुटलेला दक्षिण कोरिया १९५० ते ५३ युद्धात होरपळला, तरी त्या दशकाच्या अखेरीस तिथली जवळजवळ सगळी मुले प्राथमिक शाळेत होती.

दहा वर्षे हा आकडाच अवास्तव होता, असेही म्हणता येईल. इंग्रजांच्या १९४४च्या सार्जंट योजनेने चाळीस वर्षे मागितली होती, त्यावर आपल्या पुढाऱ्यांनी नाके मुरडली. बाळासाहेब खेरांच्या समितीने सोळा वर्षांचा हिशेब दिला. तोही पाळता आला असता तर पुष्कळ झाले असते. प्रत्यक्षात सार्जंटांची १९८४ही उलटून गेली, आणि शिक्षण मूलभूत हक्क झाले ते २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने. त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मुदत संपल्यावर पन्नास वर्षांनी.

काहीच झाले नाही असे मात्र नव्हे. १९५१ साली सुमारे १८ टक्के असलेली साक्षरता २०११ साली ७३ टक्क्यांवर गेली, स्त्रियांची जेमतेम ९ वरून ६५ वर. इंग्रजी अमलाच्या दीडशे वर्षांच्या तुलनेत हा वेग कितीतरी मोठा आहे. कर्वेनगरात आज कर्व्यांच्या संस्थेचे मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. हिंगण्याच्या झोपडीत १९०० साली विधवा शिकत होत्या, तेव्हा हे कोणी बोलूनही दाखवले नसते. पण मधल्या दोन पिढ्या या वेगाच्या हिशेबात बसत नाहीत. १९५५ साली सहा वर्षांची असलेली मुलगी शाळेत गेली नाही, तर तिला २००२च्या दुरुस्तीचा काय उपयोग?

नवा पेच आता शाळा टिकवण्याचा आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना २०२३ साली महाराष्ट्र सरकारने पुढे आणली, आणि नमुना म्हणून ज्या शाळांचे नाव घेतले गेले त्यांत पानशेतची शाळा होती, म्हणजे कर्वेनगरवरून वाहणाऱ्या मुठेच्याच खोऱ्यातली. एका शिक्षकाने चार इयत्ता एका खोलीत शिकवण्यापेक्षा बसने मोठ्या शाळेत नेलेले बरे, हा युक्तिवाद फेटाळण्याजोगा नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान आणि प्रत्येक इयत्तेला शिक्षक देणे सोपे जाते. पण पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी हा निकष याच राज्याच्या नियमांत आहे. डोंगरातल्या वाडीवरची बस पावसाळ्यात बंद पडली तर त्या दिवसाची शाळा कोणाच्या नावावर बुडाली, हे समूहशाळेच्या आदेशात लिहिलेले असेल तरच या योजनेची तुलना ४५व्या कलमाशी होणार नाही.