विकिपीडियांतील आपलीं गांवें

एखाद्या गांवाविषयीं छापील स्वरूपांत काय उपलब्ध आहे असा प्रश्न कोणी केला, तर बहुतेक गांवांच्या बाबतींत त्याचें उत्तर एका कागदांत मावेल. जमिनीचा सातबारा आहे, खानेसुमारीचे आंकडे आहेत, मतदारांची यादी आहे. परंतु हीं सर्व सरकारी गरजेपोटीं झालेलीं टिपणें होत. त्या गांवीं पाटाचें पाणी कोणत्या बंधाऱ्यावरून येतें, रब्बीची ज्वारी कोणत्या शिवारांत चांगली साधते, आठवड्याचा बाजार पूर्वीं कोठें भरत असे व तो कां हलला, हें गांवच्या जाणत्या माणसांच्या तोंडीं असतें, पानावर नसतें. माणूस गेला कीं त्याबरोबर तेंही जातें.

आपल्या प्रांताचें विस्तृत वर्णन पूर्वीं एकदां झालेलें आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं मुंबई इलाख्याच्या ग्याझेटिअरांचे खंड १८७७ पासून निघूं लागले. खानदेशचा खंड १८८० सालीं, नाशिकचा १८८३ सालीं, सोलापूरचा १८८४ सालीं आणि पुणें व सातारा यांचे १८८५ सालीं बाहेर पडले. त्यांतील पिकें, औतें, जमिनीच्या जाती व पाटबंधारे यांची बारीक माहिती पाहून आजही आश्चर्य वाटतें. तथापि ती इंग्रजींत आहे, आणि ती पुरविणारे बहुतांशीं सरकारी अधिकारी होते. शेतकरी त्या पुस्तकांत सर्वत्र दिसतो, पण बोलत नाहीं. पुढें डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं कंपनी काढून, भाग विकून व वर्गणीदार मिळवून १९२० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोश मराठींत सिद्ध केला. त्यानंतर वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम झालें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. हीं कार्यें थोर खरींच. परंतु छापील कोशास पानांची मर्यादा असते. त्या मर्यादेंत जिल्हा मावतो, तालुक्याचें ठिकाण कसेंबसें मावतें, खेडें मावत नाहीं.

ही पानांची अडचण विकिपीडियानें उरूं दिली नाहीं. आंतरजालावरील हा ज्ञानकोश २००१ च्या जानेवारींत इंग्रजींत सुरू झाला, आणि मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्र दिनीं, झाला. त्यास पगारी लेखकवर्ग नाहीं. ज्यास लिहितां वाचतां येतें अशा कोणाही माणसास त्यांत नवा लेख लिहितां येतो किंवा दुसऱ्याचा सुधारतां येतो, आणि कोणी केव्हां काय बदललें याची नोंद प्रत्येक लेखामागें कायम राहते. मराठी मंडळींनीं या व्यवहारास दिलेलीं नांवें आमच्या वाचकांस परक्याचीं वाटणार नाहींत. सर्वांनीं जमून वाद मिटविण्याच्या पानास तेथें ‘चावडी’ म्हणतात; नवशिक्यानें हात बसविण्याच्या पानास ‘धूळपाटी’ म्हणतात; आणि ठराविक काम न थकतां करणाऱ्या यंत्रलेखकास ‘सांगकाम्या’ असें नांव आहे. ज्यानें हें शेवटचें नांव सुचविलें त्यानें सालदारांचा कारभार जवळून पाहिला असावा!

आतां या कोशांत आपल्या खेड्यांची स्थिति काय आहे तें पाहूं. महाराष्ट्रांत वस्तीचीं अशीं सुमारें ४१ हजार गांवें आहेत. त्यांपैकीं पुष्कळांचे लेख तेथें झालेले आहेत. पण ते एका सांच्यांतून काढलेल्या विटांसारखे आहेत. अमुक गांव अमुक तालुक्यांत आहे, २०११ च्या खानेसुमारींत कुटुंबें इतकीं व माणसें इतकीं. पुढें सर्व कोरें. आंकडे खोटे नाहींत. परंतु दोन गांवांचे लेख शेजारीं ठेवले तर नांव झांकल्यावर कोणता कोणाचा तें त्या गांवच्या पाटलासही सांगतां येणार नाहीं.

नांवांचीही तीच अवस्था. रोमन लिपींत ल आणि ळ, न आणि ण यांचा भेद राहत नाहीं. त्यामुळें रोमन यादीवरून नांव परत मराठींत आणलें कीं कळंबचें कलंब होतें आणि मोहोळचें मोहोल. शिवाय आपल्याकडे वडगांवें किती व पिंपळगांवें किती यास गणतीच नाहीं. बुद्रुक कोणतें, खुर्द कोणतें, कोणत्या नदीकांठचें, हें न सांगतां एकाची माहिती दुसऱ्याच्या माथीं बसते. असा घोटाळा दुरुस्त करण्यास पंडित लागत नाहीं. त्या तालुक्याचा माणूस लागतो.

यांत शेतकऱ्याचें काय जातें, असा प्रश्न कोणी विचारील. शाळेंतील मुलगा, वर्तमानपत्राचा बातमीदार, परगांवचा व्यापारी व नवा अधिकारी हे सर्व आज प्रथम तेथेंच पाहतात. आणि विचारल्या प्रश्नास माणसासारखें उत्तर देणारीं जीं नवीं यंत्रें निघालीं आहेत तींही अशाच लिखाणावर शिकलेलीं आहेत. तेव्हां तेथील चूक तेथेंच राहत नाहीं. दुसरी गोष्ट याहून रोकडी आहे. मंगळवेढ्याची ज्वारी, वायगांवची हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. अशा नोंदणीच्या अर्जांत त्या मालाचा त्या भूमीशीं जुना संबंध असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा म्हणजे लिहिलेला कागद. ज्या गांवानें आपल्या वाणाविषयीं कोठेंही कांहीं लिहून ठेवलें नाहीं, त्याचा वाण कितीही नामी असला तरी त्या दारांतून आंत जाणें कठीण.

येथवर वाचून एखादा उत्साही गृहस्थ आजच रात्रीं आपल्या गांवाचा लेख लिहावयास बसेल. त्यानें जरूर बसावें. परंतु एकट्यादुकट्याच्या उत्साहानें प्रांताचें वर्णन होत नाहीं असा सर्व देशांतला अनुभव आहे. म्हणूनच विकिपीडियांत ‘विकिप्रकल्प’ नांवाची पद्धति निघाली. एका प्रदेशाविषयीं आस्था असलेले दहापांच स्वयंसेवक एकत्र येतात. प्रथम ते यादी करितात: गांवें कोणतीं, नद्या कोणत्या, धरणें, बाजारपेठा, पिकें, जत्रा कोणत्या, यांतील कशावर लेख आहे, कशावर नाहीं. इंग्रजी विकिपीडियांत तर असा प्रकल्प प्रत्येक लेखास दोन प्रकारचे दर्जे देतो. एक लेखाच्या गुणाचा, म्हणजे तो नुसता अंकुर आहे कीं भरलें कणीस आहे याचा. दुसरा त्या विषयाच्या महत्त्वाचा. महत्त्व मोठें पण लेख कोंवळा असें जेथें दिसतें तेथें प्रथम हात घालावयाचा. मग कामाची वांटणी होते. प्रत्येकजण कांहीं लेख आपल्या पहाऱ्याच्या सूचींत घालतो, म्हणजे त्यांत कोणीं ढवळाढवळ केली तर त्यास तत्काळ कळतें.

ज्यांनीं पांझरा, मोसम किंवा आरम या नद्यांवरील फडपद्धति पाहिली आहे त्यांस ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाहीं. तेथें जमीन ज्याची त्याची. पण बंधाऱ्याखालच्या एका फडांत पीक कोणतें घ्यावयाचें तें सर्वांच्या विचारें ठरतें, पाणी पाटकरी सोडतो, आणि उभ्या पिकावर जागल्या नजर ठेवतो. मी माझ्या वाफ्यांत वाटेल तेव्हां पाणी घेईन असें तेथें कोणी म्हणत नाहीं, आणि म्हटलें तर चालत नाहीं. विकिपीडियावरील प्रदेशाचें कामही असेंच आहे. भेद इतकाच कीं, तेथें पाटकऱ्यास धान्याचा वांटा मिळत नाहीं.

वेल्समधील मॉनमथ या लहानशा बाजारपेठेच्या गांवीं २०१२ सालीं असा प्रयोग पुरा झाला. गांवांतील इमारती, वस्तु व माणसें यांवर शेंकडों लेख अनेक भाषांत लिहिले गेले, आणि ठिकठिकाणीं खुणेच्या पाट्या लाविल्या. त्यांवर मोबाइल फोन धरला कीं वाचकाच्या भाषेंतील लेख उघडे. परगण्याच्या कौन्सिलानें त्यास हातभार लाविला. आपल्याकडे तालुका पंचायतींनीं तितकें करावें अशी अपेक्षा आम्ही आज करीत नाहीं.

एकोप्याची जरूर आपल्याकडे आणखी एका कारणानें अधिक आहे. आपल्या हद्दी व नांवें सारखीं बदलत आलीं आहेत. जुन्या खानदेशाचे १९०६ सालीं दोन भाग झाले. धुळ्यांतून नंदुरबार १९९८ सालीं आणि ठाण्यांतून पालघर २०१४ सालीं निराळा झाला. उस्मानाबादचें धाराशिव २०२३ सालीं व अहमदनगरचें अहिल्यानगर २०२४ सालीं झालें. अशा प्रत्येक बदलाबरोबर शेंकडों खेड्यांच्या लेखांत दुरुस्ती करावी लागते. ती एकानें एका रीतीनें व दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें केली, तर एकच तालुका दोन जिल्ह्यांत दिसूं लागतो. जुन्या ग्याझेटिअरांतील ठाण्याची माहिती आजच्या ठाण्यास जशीच्या तशी लावणें हीही त्याच जातीची चूक होय.

आतां खऱ्या अडचणीकडे वळूं. विकिपीडियाचा नियम असा कीं, लेखांतील विधानास प्रसिद्ध झालेला आधार पाहिजे. स्वतः पाहिलेलें, आजोबांनीं सांगितलेलें, अनुभवानें ठरविलेलें हें तेथें चालत नाहीं. शेतकऱ्यास हा नियम प्रथम अन्यायाचा वाटतो, आणि तें स्वाभाविक आहे. चाळीस वर्षें ज्यानें मालदांडी पेरली त्याचें विधान खोडलें जातें, आणि ज्यानें ज्वारीचें ताट हातीं धरलें नाहीं त्याच्या पुस्तकांतील वाक्य टिकतें! तरीही आमच्या मतें नियम बरोबर आहे. कोट्यवधि अनोळखी लोकांनीं मिळून लिहावयाच्या ग्रंथांत कोणाचा अनुभव खरा हें ठरविण्यास दुसरा मार्ग नाहीं. एका गांवचा माणूस म्हणेल आमचें वांगें मूळचें, शेजारचा म्हणेल आमचें. दोघेही शपथेवर सांगतील.

म्हणून करावयाचें तें असें कीं, जें माहीत आहे तें आधीं कोठें तरी नीट छापून आणावें. आमच्यासारखीं मासिकें, सहकारी संस्थांच्या स्मरणिका, जिल्ह्याचीं वृत्तपत्रें यांत सविस्तर व जबाबदारीनें प्रसिद्ध झालेली माहिती पुढें आधार म्हणून दाखवितां येते. मात्र तिचा दर्जा पारखून घेण्याचा हक्क इतर लेखकांस असतो हें विसरूं नये. जुन्या शेतकी मासिकांच्या फायली कित्येक वाड्यांच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडीं पडल्या आहेत. कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याच्या लिखाणावरील हक्क संपतो; असें साहित्य विकिस्रोत या भावंड प्रकल्पांत समग्र ठेवतां येतें. त्या फायली उतरवून धूळ झटकणें हें या उन्हाळ्यांतील पहिलें काम समजावें.

कांहीं गोष्टी टाळाव्या. आपलें गांव ‘निसर्गरम्य’ आहे, लोक ‘कष्टाळू व मनमिळाऊ’ आहेत, अमुक राव गांवाचे ‘आधारस्तंभ’ आहेत, हीं वाक्यें तेथें फार दिवस राहत नाहींत, आणि राहूंही नयेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचें भांडण लेखांत आणूं नये. आपण लिहिलेलें कोणीं खोडलें तर रागावून उठूं नये. लेखाच्या चर्चेच्या पानावर कारण विचारावें, आधार दाखवावा. मराठी टंकलेखनाची भीति आतां बाळगण्याचें कारण नाहीं, कारण मोबाइल फोनवर बोललेलें मराठी अक्षरांत उमटतें. मात्र तें एकदां वाचून पाहावें, नाहींतर कुळवाचें कुळ होऊन बसेल.

एका तालुक्यांत पांच माणसें मिळालीं तरी काम सुरू होईल. एकानें गांवांच्या नांवांची यादी सातबाऱ्याशीं ताडून शुद्ध करावी. एकानें जुन्या छापील साहित्याचा शोध घ्यावा. दोघांनीं हंगामाप्रमाणें छायाचित्रें घ्यावीं: बंधारा, मोट बंद पडलेली विहीर, हुरड्यावर आलेली ज्वारी, बैलबाजार. तीं स्वतः काढलेलीं असावीं. दुसऱ्याचीं उचललेलीं चालत नाहींत. पांचव्यानें, आणि तो शक्य तर घरांतील शिकलेला मुलगा किंवा सून असावी, विकिपीडियावर नोंद करून धूळपाटीवर हात बसवावा व बाकीच्यांचें काम तेथें चढवावें.

पाणी, वाण, बाजार व औतें यांविषयींच्या टिपणांस या मासिकांत जागा देण्याचें आम्हीं ठरविलें आहे. टिपण चारपांचशें शब्दांचें असावें. माहिती सांगणाऱ्याची संमति घेऊन त्याचें नांव, गांव, तालुका व वय घालावें. मापें सांगतांना एकर, गुंठे, मण, क्विंटल यांपैकीं कोणतें तें स्पष्ट लिहावें. आणि साल आठवत नसेल तर दुष्काळ, पूर किंवा धरण यांच्या मागचें कीं पुढचें इतकें तरी नमूद करावें.