इंजिन नवे, डिझेलचा खर्च मात्र वाढलेला

उन्हाळ्याची चाहूल लागली की टंचाईग्रस्त गावांचे डोळे पाण्याच्या टँकरकडे लागतात. यांतील अनेक टँकर जुन्या ट्रकांवर बसविलेले असतात. दहा-बारा वर्षे धावलेल्या अशा ट्रकचे इंजिन निकामी झाले, तर नवे वाहन घेण्यापेक्षा दुसरे इंजिन बसविणे स्वस्त पडते. परंतु समजा, पूर्वी लिटरमागे साडेचार किलोमीटर धावणारा ट्रक इंजिन बदलल्यावर साडेतीनच किलोमीटर धावू लागला. लॉगबुक तपासणाऱ्याला मग नव्या इंजिनाविषयी, आणि त्याहून अधिक चालकाच्या सचोटीविषयी, शंका येते. असा ठपका ठेवण्यापूर्वी क्रमवार तपासणी होणे न्यायाचे आहे. कारण दोष पुष्कळदा इंजिनात नसून इंजिन आणि उरलेला ट्रक यांच्या जुळणीत असतो.

प्रथम मोजमाप

टाकी काठोकाठ भरावी, ठरलेल्या फेऱ्या कराव्यात आणि त्याच पंपावर, त्याच जागी ट्रक उभा करून टाकी पुन्हा भरावी. जितके डिझेल मावेल तितके खर्च झाले. मार्ग, भार व चालक तेच ठेवून असे किमान तीनदा करावे. १०,००० लिटर पाण्याचे वजन १० टन होते. तेव्हा भरलेल्या व रिकाम्या फेऱ्यांची तुलना करून काहीच निष्पन्न होत नाही.

त्यानंतर किलोमीटर मीटर तपासावा. जुन्या ट्रकांत त्याला गिअरबॉक्समधून गती मिळते. इंजिनासोबत गिअरबॉक्सही बदलला असेल किंवा टायरचा आकार वेगळा असेल, तर मीटर चुकीचे अंतर दाखवितो. रस्त्याकडेच्या दगडांप्रमाणे २० किलोमीटर अंतर कापल्यावर मीटरने १७ दाखविले, तर लॉगबुकातील साडेतीनची सरासरी प्रत्यक्षात चारपेक्षा अधिक असते. निम्म्याहून जास्त तूट येथेच भरून निघते!

चाके, ब्रेक व क्लच

पंधरा-वीस किलोमीटर धावल्यानंतर प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर ब्रेक धरून राहतो किंवा बेअरिंग आवळलेले आहे. टायरमधील हवा थंड स्थितीत मोजावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

हवा, डिझेल व तापमान

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोचे होजपाइप, नोझल आणि पंपाची मात्रा यांची तपासणी करावी. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत असेल, तर पंपाचे टायमिंग मागे पडले असण्याचा संभव आहे. पंप व नोझल अंदाजाने न पिळता चाचणीयंत्रावरच तपासून घ्यावेत. टाकीकडे परतणाऱ्या नळीतून डिझेल गळत नाही ना, हेही पाहावे.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा अनेक गॅरेजांत आहे. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेपर्यंत पोहोचत नाही आणि डिझेल अधिक लागते. तो पुन्हा बसवावा व तापण्याचे मूळ कारण शोधावे.

गिअरचे गणित

एवढे करूनही तूट राहिली, तर डिफरन्शियलकडे वळावे. त्यातील क्राऊनला ४१ व पिनियनला ६ दात असतील, तर चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ६.८३ फेरे होतात. पिनियनला ७ दात असतील, तर ५.८६. नेहमीच्या मोठ्या टायरवर ताशी ५० किलोमीटर वेगाने, वरच्या सरळ गिअरमध्ये, पहिल्या जोडीत इंजिन मिनिटाला सुमारे १,८०० फेरे घेते, तर दुसऱ्या जोडीत सुमारे १,५५०. कमी फेऱ्यांत जोर देणारे नवे इंजिन जुन्या डिफरन्शियलला जोडले, तर ते विनाकारण जास्त फिरते आणि डिझेल जाळते. मात्र घाटरस्त्यावर भार ओढणाऱ्या ट्रकला मोठे प्रमाणच उपयोगी पडते. म्हणून मार्ग पाहूनच जोडी बदलावी, आणि बदलल्यास मीटरही पुन्हा जुळवून घ्यावा.

नोंद आवश्यक

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. शासकीय व स्थानिक संस्थांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही, हेही इंजिनावर खर्च करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

इंजिन बदलल्याचा दिनांक, मीटरवरील आकडा, टायरचा आकार व पहिल्या तीन चाचण्यांची सरासरी लॉगबुकात लिहून ठेवावी. या चार नोंदी असल्या, तर वाद उरत नाही. प्रामाणिक चालकावर बालंट येत नाही आणि वाचलेल्या डिझेलवर एखाद्या तहानलेल्या वस्तीला आणखी एक खेप पोहोचते.