गणवेश आणि समवस्त्र : शालेय पोशाखाचा खर्च व प्रयोजन

शाळेच्या ठरावीक पोशाखाला मराठीत ‘गणवेश’ म्हणतात. गुजरातीतही हाच शब्द रूढ आहे. कन्नडात मात्र ‘समवस्त्र’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत घटकांतून घडलेले असले तरी त्यांचा रोख भिन्न आहे. ‘गण’ या पदाने हा वेश कोणत्या समूहाचा आहे हे सुचविले जाते. ‘सम’ या पदाने वस्त्रावस्त्रांत भेद नाही एवढेच सांगितले जाते. (पालकांच्या बोलण्यात यांपैकी कोणताच शब्द फारसा येत नाही, ते ‘शाळेचा ड्रेस’ म्हणून मोकळे होतात.) शालेय पोशाखाच्या समर्थनार्थ जी कारणे पुढे केली जातात, त्यांचीही विभागणी याच दोन अर्थांत करता येते. गरीब-श्रीमंत हा भेद वर्गात दिसू नये हे एक कारण. शाळेची ओळख, शिस्त आणि अभिमान हे दुसरे. चर्चेत या दोहोंची नेहमी सरमिसळ होते, आणि ती वेगळी केल्याखेरीज खर्चाचा प्रश्न उलगडत नाही.

समतेसाठी लागणारे वस्त्र वस्तुतः स्वस्त असते. पांढरा सदरा आणि खाकी वा निळी चड्डी कोणत्याही गावच्या बाजारात मिळते, थोरल्याची धाकट्याला होते, आणि शिंप्याकडे वाढत्या अंगाची शिवून घेतली तर दोन वर्षे निघतात. खर्च वाढतो तो ओळखीच्या अर्थाने. खिशावरील बोधचिन्ह, ठरावीक रेघांचे कापड, कवायतीसाठी निराळा पोशाख, शनिवारचे पांढरे बूट, गटागटांचे रंगीत सदरे, यांतील प्रत्येक वस्तू एका विशिष्ट दुकानाखेरीज इतरत्र मिळेनाशी होते, आणि जेथे विक्रेता एकच, तेथे किंमत त्याने सांगावी तीच. इंग्लंडमध्ये २०२१ साली शालेय गणवेशाच्या खर्चाविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला, तो याच कारणाने. त्याखालील मार्गदर्शनात बोधचिन्हांकित वस्तू कमीत कमी ठेवाव्यात आणि वापरलेले कपडे पालकांना सहज उपलब्ध व्हावेत यांवर भर आहे. ज्या लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या संस्थेने अनाथ व निर्धन मुलांना धर्मादाय म्हणून निळा झगा दिला, त्याच देशात पुढे गणवेश हे प्रतिष्ठेचे आणि खर्चाचे चिन्ह बनावे, हा अर्थपरिवर्तनाचा लक्षणीय नमुना होय.

गणवेशाची गरज कितपत, या प्रश्नाला प्रयोगाधारित उत्तर देण्याचा यत्न केनियात झाला. तेथे २००३ साली प्राथमिक शाळांतील शुल्क रद्द झाले, तरी गणवेशाची अपेक्षा कायम राहिली. एव्हान्स व न्गातिया यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्यांना गणवेश मोफत मिळाला त्यांची गैरहजेरी कमी झाली, आणि ज्यांच्याजवळ आधी गणवेश नव्हता त्यांच्या बाबतीत ही घट अधिक होती. मात्र आठ वर्षांनंतर हा परिणाम टिकून राहिल्याचे आढळले नाही. या निष्कर्षातून गणवेशाने शिक्षण सुधारते असे म्हणता येत नाही. जेथे गणवेश अपेक्षित आहे तेथे तो नसणे हा शाळेत येण्यातला अडथळा ठरतो, एवढेच म्हणता येते. किंबहुना हा अडथळा नियमानेच निर्माण केलेला असतो. म्हणूनच नियम करणाऱ्याने त्याचा खर्च उचलावा, हा युक्तिवाद बलवान ठरतो.

भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, मुलाला शिक्षणापासून रोखील असा कोणताही खर्च त्याच्यावर लादता येत नाही. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१८-१९ पासून दोन संचांना मिळून वार्षिक ६०० रुपयांपर्यंत तरतूद झाली. पूर्वी ही मर्यादा ४०० रुपये होती. परंतु तिचा लाभ शासकीय शाळांतील सर्व मुलींना, आणि मुलांपैकी केवळ अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना होता. परिणामी एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी कोणाला कापड सरकारातून मिळाले हे साऱ्या वर्गाला ठाऊक असे. भेद झाकण्यासाठी दिलेले वस्त्रच भेद सांगू लागले. महाराष्ट्राने २०२३ साली उरलेल्या मुलांनाही योजनेत घेतले, आणि बूट व पायमोजांसाठी प्रतिविद्यार्थी १७० रुपयांची तरतूद केली. हा निर्णय ‘सम’ या अर्थाशी सुसंगत होता.

त्यानंतर आलेली ‘एक राज्य एक गणवेश’ ही योजना मात्र ‘गण’ या अर्थाकडे झुकली. तोवर शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती पैसे येत आणि ती गावातच कापड व शिलाई पाहत असे. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले. शिलाईचा दर प्रतिगणवेश शंभर रुपयांच्या आसपास होता. घाऊक खरेदीत कापड स्वस्त पडावे हा हिशेब कागदावर बरोबरच होता. तथापि शाळा जूनमध्ये उघडल्या आणि स्वातंत्र्यदिन उजाडला तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नव्हते. जेथे पोहोचले तेथे मापे चुकल्याच्या तक्रारी आल्या. मुलाचे अंग हे सरासरीने मोजता येत नाही, हे कोणताही शिंपी सांगू शकला असता. जो गणवेश सहामाहीच्या सुमारास मिळतो त्याची खरी किंमत पालकाने मधल्या काळासाठी घेतलेल्या कपड्यांसह मोजावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचे ठरविले.

‘समवस्त्र’ म्हणणाऱ्या कर्नाटकातही शब्दाने प्रश्न मिटला नाही. ५ फेब्रुवारी २०२२ च्या शासकीय आदेशानंतर त्या समवस्त्रात डोक्यावरील वस्त्राला स्थान आहे काय, यावर वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने मार्चमध्ये आदेश वैध ठरविला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. नावात ‘सम’ असले तरी व्यवहारात तेथे ‘गण’ हाच अर्थ प्रभावी ठरला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील समित्यांपुढे उरणारी अडचण अधिक साधी आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. ६०० रुपयांची मर्यादा पहिलीतील सहा वर्षांच्या मुलाला आणि आठवीतील मुलीला एकच लावली गेली. पहिलीतल्या मुलाची चड्डी अर्ध्या मीटरच्या आसपास कापडात होते. आठवीतल्या मुलीच्या सलवार, कमीज आणि ओढणीला त्याच्या कितीतरी पट कापड लागते, आणि शिलाईही त्याच प्रमाणात वाढते. वरचा फरक कोणी भरावयाचा, हे या तरतुदीत सांगितलेले नाही. तो बहुधा मुलीच्या घरातूनच भरला जातो.